पेढा माझ्या हातात

रविवारी रात्री अकराच्या सुमाराला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. आई खुर्चीत बसलीय, खांद्यावर नवी मरून शाल, मांडीवर नारळ, कपाळाला बुक्का, आणि उजवा हात जरासा पुढे, तळवा उघडा, रिकामा. शेजारी मी वाकलेय. माझ्या हातात पेढा आहे. सातारचा कंदी पेढा, चांगला मोठा, खरपूस तपकिरी. फोटोखाली तोपर्यंत सत्तावीस जणांनी हात जोडलेले होते, कुणी 'बाईंना शतशः नमन' लिहिलं होतं, कुणी गुलाबाची फुलं टाकली होती, आणि मला त्या अख्ख्या फोटोत तो उघडा तळवा सोडून दुसरं काही दिसेना. झालं होतं एवढंच की सत्कार झाल्यावर अध्यक्षांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला, आईनं एक उचलला, तोंडाशी नेणार तेवढ्यात मी पुढं होऊन तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "आई, शुगर!" हळू नाही म्हटलं, माईक शेजारीच होता. समोर बसलेले हसले. कुणीतरी म्हणालं, लेक पुण्याची आहे, कडक आहे. आईही हसली. फोटो नेमका त्याच क्षणी काढलेला.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो पण यंदा, २०२५ ला, नेमकं नवरात्र चालू होतं, गावात निम्म्या बायकांचे उपास, म्हणून ज्येष्ठ नागरिक संघानं कार्यक्रम दसऱ्यानंतरच्या रविवारी ठेवला होता. मारुतीच्या देवळापुढचा मंडप, खटाव तालुक्यातलं ऑक्टोबरचं ऊन, आणि त्या उन्हात अकरा म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यावर शाली. एक फौजी आजोबा होते, ७१ च्या लढाईत गेलेले, ते शाल अंगावर घेऊन शेवटपर्यंत ताठ बसले आणि घामानं त्यांची टोपी काळी पडत गेली. जेवणात मसालेभात, चण्याची झणझणीत उसळ, पुरी, जिलेबी, पापड, मठ्ठा. मी वाढपात मदत करत होते म्हणून ताटं बघत होते. मंचावरच्या बहुतेकांच्या ताटात उसळ तशीच राहिलेली, पुरीचा मधला मऊ पापुद्रा तेवढा खाल्लेला आणि मठ्ठ्याचे ग्लास दोन-दोन. एक आजोबा कवळी काढून रुमालात ठेवत होते, कारण जिलेबी तिला चिकटते आणि मग सगळ्यांसमोर ती तोंडात हलते. ज्यांच्यासाठी पंगत मांडली त्यांनाच त्या ताटातलं काय चावता येईल हे कुणी विचारलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं.

आईचा सत्कार होता तो अंगणवाडीसाठी. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे अंगणवाड्यांची योजना, सुरू झाली, तिला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या गावातल्या पहिल्या सेविकेलाही बोलवूया. आईनं १९८४ पासून २०१५ पर्यंत एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. मानधनावर. कुणी पगार म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची, "पगार न्हाय, मानधन." भाषण करायला एसटीतला एक तरुण कंडक्टर उठला, गावातलाच, चांगला उंचापुरा गडी. म्हणाला, "बाईंनी मला झोळीत घालून तोललंय. मी कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत होतो. आमची आई रोजगाराला जायची, तर बाई रोज संध्याकाळी घरी येऊन मला सुकडी भरवायच्या, मी थुंकायचो आणि त्या परत भरवायच्या." एवढं बोलून त्याचा आवाज गेला आणि तो खाली बसला. टाळ्या वाजल्या. आई मान खाली घालून साडीच्या काठाशी चाळा करत होती. त्यानंतर दोनच मिनिटांत मी तिच्या हातातला पेढा काढून घेतला.

तो काटा मला चांगला आठवतो. निळा गोल डबडा, वर हूक, खाली हूक, समोर घड्याळासारखा काटा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई तो शाळेच्या व्हरांड्यातल्या वाशाला दोरीनं टांगायची, खाली कापडाची झोळी, आणि एकेक पोर त्यात घालायची. पोरं किंचाळायची, पाय झाडायची, काटा वरखाली नाचायचा आणि आई त्या पोराच्या पोटाला हळूच बोट लावून त्याला एक क्षण हसवायची, तेवढ्या एका क्षणात काटा स्थिर व्हायचा आणि ती वजन बघून घ्यायची. मग तक्त्यावर ठिपका. मागच्या महिन्याच्या ठिपक्यापासून या महिन्याच्या ठिपक्यापर्यंत रेघ. मी तिसरी-चौथीत असेन, तिच्या शेजारी बसून पट्टी धरायचे. ती आयांना सांगायची ते मला पाठ झालेलं, "आकड्याकडं बघू नगा, रेघंकडं बघा. रेघ वर चालली तर बरं, आडवी झाली तर सावध, खाली आली तर धोका." अडाणी बायकांना किलो-ग्रॅम कळायचे नाहीत पण रेघ कळायची. खाली आलेली रेघ बघून एखादी बाई तिथंच डोळ्याला पदर लावायची आणि आई तिला न रागावता विचारायची, काय खातंय, कोण भरवतं, किती वेळा. आधी विचारायची. सांगायची नंतर. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. तेव्हा मला पट्टी धरण्यातच मोठेपणा वाटायचा.

आता माझं सांगते. गेल्या मार्चमध्ये आईची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी म्हणतात ती, ८.४ आली. मी घाबरले. दादांचं, माझ्या वडिलांचं, जे झालं ते साखरेनंच झालं होतं, आधी पाय, मग किडनी, सगळं आम्ही डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे रिपोर्ट हातात पडल्या पडल्या मी कंबर कसली. भात बंद, बटाटा बंद, गूळ बंद, शेंगदाणे बंद कारण तेल, केळं बंद, चिक्कू बंद, दूध अर्धा कप आणि तेही साय काढून. पुण्याहून ओट्सची पाकिटं पाठवली. रात्रीच्या जेवणाऐवजी सूप. वहिनीला फोनवर रोज विचारायचे, आज काय दिलं, किती दिलं, आणि वहिनी बिचारी म्हणायची, "ताई, तुम्ही सांगितलं तसंच करते." तिच्या आवाजात काहीतरी असायचं पण मी ते ऐकून घेतलं नाही. जूनमध्ये साखर ७.१ आली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुझ्या जिवाला घोर न्हाय आता." तिला बरं वाटतंय का, हे त्या फोनमध्ये कुठंच आलं नाही. मधून मधून ती म्हणायची, पायाला मुंग्या येतात, मी म्हणायचे वय झालं, चालत जा जरा. एकदा म्हणाली, ते ओट चिकट लागतं, तोंडात फिरत राहतं. मी म्हटलं, सवय होईल.

जिनं अख्ख्या गावाला खायला शिकवलं तिला मी खायला शिकवत होते.

रविवारची रात्र मला झोप लागली नाही. शेजारच्या कॉटवर आई झोपलेली. शाल तिनं पायावर घेतली होती आणि शालीच्या बाहेर तिचा हात आलेला, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या. मनगट केवढंसं. ब्लाउजच्या बाहीला आतून टीप मारलेली दिसत होती, नुसती एक नाही, एकीच्या आत दुसरी. तिच्या बाह्या हातावर घट्ट बसायच्या, हे मला आठवतं, कारण लहानपणी मी त्या दंडाला धरून झोपायचे. कुपोषण बघायला मुलांच्या दंडाला लावायची एक रंगीत पट्टी तिच्याकडं असायची, लाल-पिवळी-हिरवी. ती पट्टी आत्ता तिच्या दंडाला लावली तर काय दिसेल असा विचार मनात आला आणि मी उठून बाहेर अंगणात जाऊन बसले. पर्समध्ये तो पेढा होता. मंचावर ठेवायला जागा नव्हती म्हणून टिश्यूत गुंडाळून टाकलेला. तो फेकताही येईना आणि खाताही येईना.

दुसऱ्या दिवशी सोमवारी कोजागरी. मी एक दिवस रजा वाढवली होती. दुपारी वहिनीनं सांगितलं की औक्षणाचं तबक आईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे तेवढं काढून ठेवा. आमच्याकडं कोजागरीला घरातल्या थोरल्या पोराचं औक्षण करतात, आश्विनी म्हणतात तिला, आणि थोरली मी. कपाटात तबक होतं, कापसाच्या वाती होत्या, घड्या न मोडलेल्या सात-आठ शाली होत्या, प्रत्येक सत्काराची एक, आणि शालींच्या खाली एक लांबट रजिस्टर. जुनं, अंगणवाडीचं, मागची पानं कोरी राहिलेली. त्या कोऱ्या पानांवर आईनं पट्टीनं रेघा मारून तक्ता काढला होता. खाली महिने, बाजूला किलो. वर बालकाचे नाव या छापील अक्षरांपुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. जानेवारी ५२, फेब्रुवारी ५२, मार्च साडेएक्कावन्न. तिथपर्यंत रेघ सरळ. एप्रिलपासून ती उतरायला लागली होती. ५०, ४९, अठ्ठेचाळीस, साडेसत्तेचाळीस. ऑक्टोबरचा ठिपका ४६ वर. शेवटच्या दोन ठिपक्यांमधली रेघ तिनं लाल पेनानं काढली होती, आपल्या पद्धतीप्रमाणं.

मी रजिस्टर घेऊन तिच्यापुढं बसले. ती वाटाणे सोलत होती. तिनं बघितलं आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "गिरणीत काटा हाय, इलेक्ट्रिकचा. दळण न्यायला जाते तवा उभी राहते त्यावर. एक तारखेला." मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? ती थोडा वेळ काही बोललीच नाही, शेंग फोडायची, दाणे वाटीत, साल सुपात. मग म्हणाली, "तू इतक्या हौसेनं करत होतीस. आणि साखर तर कमी आलीच की." परत थांबून, "मला वाटलं तू येशील तवा बघशील. रेघ वाचता येती तुला." यावर मला काय बोलावं कळलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात पट्टी धरून बसायचे ती मी, आणि सात महिने मी फक्त आकडा बघत होते. साखरेचा.

तिला राग आला होता का, हे मी विचारलं, पेढ्याचं. ती म्हणाली, "राग कशाचा. एवढ्या लोकात लहान पोरागत हातातलं काढून घेतलंस तेवढं जरा..." आणि पुढचं बोललीच नाही. मग म्हणाली, "पोरांच्या हातातलंसुद्धा मी कधी काढून घेतलं न्हाय. दुसरं काहीतरी द्यायचे हातात, मग ते आपोआप सोडतंय."

रात्री गच्चीवर दूध आटवलं. केशर, वेलदोडा, थोडी चारोळी, साखर वहिनीनं बेताचीच घातली आणि आईच्या पेल्यात मी यावेळी साय ठेवली. चंद्र डोंगराच्या वर आला तेव्हा त्याचा उजेड इतका होता की समोरच्या शेतातली ज्वारीची कोवळी रोपं वेगवेगळी दिसत होती. दादा गेल्यापासून सहा वर्षं आईनं माझं औक्षण केलं नव्हतं, ती तबक वहिनीच्या हातात द्यायची आणि स्वतः मागं जाऊन उभी राहायची. मला ते कधीच आवडलं नाही पण मी कधी बोललेही नाही. यंदा मी तबक तिच्या हातात दिलं आणि पाटावर बसले. तिनं वहिनीकडं बघितलं, वहिनी म्हणाली, "करा की आई, काल अख्ख्या गावानं तुम्हाला ओवाळलं, तुम्ही लेकीला ओवाळा." तिनं ओवाळलं. हात थरथरत होता त्यामुळे निरांजनाची ज्योत हलत होती. मग माझ्या तोंडात घालायला तबकात काही गोड नव्हतं, वहिनी साखर आणायला उठली तर आई म्हणाली, "थांब. कालचा पेढा कुठं टाकलास?"

पर्समधून काढून दिला. टिश्यू चिकटला होता, कडा वाळल्या होत्या. तिनं तो बोटांनी मोडला, निम्मा माझ्या तोंडात घातला आणि उरलेला हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मी काही बोलले नाही. तिनं तो खाल्ला, सावकाश, डाव्या बाजूच्या दाढांनी, उजवीकडच्या नाहीत. कंदी पेढ्याची ती भाजलेल्या खव्याची किंचित कडसर चव माझ्याही तोंडात होती. पेल्यातलं दूध पिता पिता ती चंद्राकडं बघून म्हणाली, "सत्तरएक पुनवा ऱ्हायल्यात अजून. मग सहस्रचंद्रदर्शन." म्हणजे ती पुनवाही मोजतेय. पंच्याहत्तर पूर्ण झाली तिला, एक्क्याऐंशीला टेकताना हजारावा चंद्र. मी म्हटलं, मोठा कार्यक्रम करू. ती म्हणाली, "शाल नको. आणि उसळ जरा मऊ शिजवा."

मंगळवारी तिला साताऱ्याला डॉक्टरांकडं घेऊन गेले. जाताना एसटीत तिचं तिकीट शून्य, पंच्याहत्तर झाल्यापासून लागू झालेल्या त्या सवलतीचं तिला फार कौतुक आहे, कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना ती ओळखपत्र दाखवल्यासारखं दाखवते. डॉक्टरांनी तिला हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावली आणि घड्याळ धरलं. पंधरा सेकंदांच्या आत व्हायला हवं म्हणाले, तिला एकवीस लागले आणि शेवटच्या वेळी हात सोडून खुर्चीचा दांडा धरावा लागला. वजनाचा तक्ता त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं हा कुणी काढला. मग मला म्हणाले की या वयात साखर साडेसात-आठाच्या घरात राहिली तरी मला चालेल, मला जास्त भीती साखर एकदम खाली जाऊन त्या पडायची आहे आणि त्याहून जास्त या रेघेची आहे, ही चरबी गेलेली नाही नुसती, मांडीतले स्नायू गेलेत. मुंग्यांसाठी बी-ट्वेल्व्ह तपासलं, ते पार तळाला. माळकरी घर, अंडं-मांस नाही, त्यात वर्षानुवर्षं साखरेवरची मेटफॉर्मिन, त्या गोळीनंही ते कमी होतं, आणि होतं नव्हतं तेवढं दूध मी अर्धा कपावर आणलेलं. इंजेक्शनं सुरू केली. प्रोटीन किलोमागं एक ग्रॅम तरी पोटात जायलाच हवं म्हणाले, म्हणजे आईला रोज पन्नासच्या आसपास. मी मनातल्या मनात माझ्या सूपचा हिशोब केला. दुधीचं सूप आणि दोन चमचे ओट्स.

घरी येताना यावेळी मी यादी केली नाही. आईला विचारलं, काय खाशील. ती खिडकीतून बाहेर बघत एकेक सांगत गेली. हुलग्याचं माडगं, दूध घालून, गूळ चवीपुरता. मटकीची उसळ, पण मोड फार लांब येऊ न देता आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून. दाण्याची चटणी, कुटलेली, दाताखाली दाणा येणार नाही अशी. वाघ्या घेवड्याची आमटी. खरवस मिळाला तर. भात थोडाच, पण वरण दाट. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून होतं, डब्यात हुलगे होते, माळ्यावर शेंगा होत्या, आणि मी पुण्याहून पाकिटं पाठवत होते. साखर सांभाळायची आहेच, ते मी सोडलेलं नाही. अजूनही फोनवर काय खाल्लं हे विचारतेच, भीती काही जात नाही, दादांचे पाय डोळ्यांपुढून हलत नाहीत. फक्त आता आधी 'जेवण गेलं का' विचारते आणि ती उत्तर देईपर्यंत थांबते. वहिनीचा आवाजही फोनवर मोकळा येतो. परवा म्हणाली, "ताई, आई आज मला रागावल्या, माडग्यात गुठळ्या झाल्या म्हणून. लय दिवसांनी रागावल्या."

१ नोव्हेंबरला शनिवार आला म्हणून मी गावाला गेले. सकाळी आई दळण घेऊन निघाली तशी मीही निघाले, पिशवी मी घेतली. गिरणीत पिठाचा तो गरम वास, पट्ट्याचा आवाज, सगळ्या गोष्टींवर पांढरी साय. गिरणीवाल्यानं काट्यावरचं पोतं बाजूला केलं, त्याला सवय होती. आई चपला काढून वर उभी राहिली, पदर सावरला, आणि काटा बघायला वाकली नाही, माझ्याकडं बघितलं. लाल आकडे दोनदा हलले आणि थांबले. सेहेचाळीस.

घरी आल्यावर तिनं रजिस्टर काढलं, चष्मा लावला, ठिपका दिला. पट्टी मी धरली. तिनं ऑक्टोबरच्या ठिपक्यापासून रेघ ओढली, निळ्या पेनानं.

"आडवी हाय," ती म्हणाली. "आडवी म्हणजे?"

"सावध," मी म्हटलं.

तिनं रजिस्टर मिटलं आणि वहिनीला हाक मारून विचारलं, हुलगे भिजत घातलेत का.